केसांचं वेळापत्रक

बाईंचा मला अजून राग आहे. वीस वर्षं होत आली. बाई कधीच निवृत्त होऊन पुण्याला भावाकडे राहायला गेल्या, मीही आता पेन्शनचे कागद गोळा करतोय, पण तो राग काही उतरत नाही. लोकांना वाटतं, जुनी माणसं आठवली की ऊर भरून यायला पाहिजे. माझा येत नाही. माझं डोकं तापतं. बाईंवर तापतं, आमच्या मुख्याध्यापकांवर तापतं, भूगोलाच्या सरांवर तर फारच तापतं, आणि थोडं माझ्यावरही तापतं, पण ते ओघात येईल.

आमचं हायस्कूल हायवेलगत होतं, नसरापूर सोडून सारोळ्याकडे निघालं की जी गावं लागतात त्यांतल्या एका गावात. नाव घेत नाही. घेतलं तर तिथली जी चार माणसं अजून माझ्याशी बोलतात तीही बोलायची थांबतील. रस्ता चौपदरी करायचं काम तेव्हा चाललं होतं आणि आमच्या फळ्यांवर खडूपेक्षा धूळ जास्त असायची. बाई तिथं विज्ञान शिकवायच्या. भोरला राहायच्या, सकाळच्या एसटीनं यायच्या, आणि एसटीतून उतरताना कंडक्टरला गुण देऊन उतरायच्या. "दहापैकी साडेतीन," असं त्याच्या तोंडावर सांगायच्या. का साडेतीन, ते त्यानं विचारलं तर सांगायच्याही: वेळेचे शून्य, सुट्ट्या पैशांचे दोन, बोलण्याचे दीड.

ही गुण द्यायची खोड त्यांना कुठून लागली कोण जाणे. मावशींच्या चहाला गुण, शाळातपासणीला आलेल्या साहेबांच्या अक्षराला गुण, सव्वीस जानेवारीच्या पाहुण्यांच्या भाषणाला गुण. एकदा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी पाऊण तास भाषण केलं आणि ते खाली बसताच पहिल्या रांगेतून शांतपणे आवाज आला, "दोन." मुलांनी टाळ्या वाजवल्या त्या भाषणाला की बाईंना, हे शेवटपर्यंत कुणाला ठरवता आलं नाही.

आम्हाला बाई नावानं हाक मारत नसत. ज्यानं जे शिकवावं ते त्याचं नाव. मी 'मराठी'. "अहो मराठी, तुमचा तास संपला, घंटा ऐकू आली नाही का?" भूगोलाचे सर 'भूगोल'. कुणी कंटाळून "जाऊ द्या हो बाई" म्हणालं की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "कुठं?" या प्रश्नाला उत्तर नसतं. मी शोधून पाहिलंय. आणि वर्गात काहीही समजावून झालं की एकच वाक्य: "कळलं का, का नुसतं ऐकलं?"

आता अशी बाई दिसायला कशी असेल? तर डोक्यावरून पदर, आणि तो डाव्या कानामागे भल्यामोठ्या सेफ्टी पिनेनं पक्का केलेला. उन्हाळा असो, पावसाळा असो, तो पदर हलायचा नाही. पंचक्रोशीतली मंडळी त्यावर इतकी खूश असायची की विचारू नका. "विज्ञान शिकवतात, पण बघा, डोईवरचा पदर ढळला नाही कधी," असं संस्थेतली म्हातारी मंडळी आमच्या तरुण शिक्षिकांना ऐकवायची. जी बाई अमावस्येला मुद्दाम नवीन कामं सुरू करायची, ती यांच्या लेखी संस्कारांचा नमुना. मी हे ऐकून दात खायचो.

पदराखाली काय होतं ते मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. नऊ वर्षांच्या असताना चुलीवरच्या भाताची पेज अंगावर आली होती. "सांडली म्हणू नका. मी सांडली. भांडं उतरवायला गेले, मोठं होतं, पेललं नाही." डाव्या कानाच्या वरपासून भांगापर्यंत, तळहाताएवढ्या जागेत एकही केस नव्हता, कातडी ताणलेली, गुळगुळीत. त्यानंतर वेणी नाही, अंबाडा नाही, फूल नाही. लग्नाचं एकदा ठरत आलं होतं, तिथंही पदर काढून दाखवा म्हणाले. बाई म्हणाल्या, "दाखवला. त्यांनी नाही म्हणायच्या आधी मीच नाही म्हटलं." एवढं सांगून त्यांनी विषय संपवला आणि दहावीच्या पेपरांना लागल्या.

त्या चव्वेचाळीस वर्षांच्या असतील तेव्हाची गोष्ट. भावाच्या कसल्याशा तपासणीसाठी पुण्याला गेल्या होत्या, तिथं त्यांना कळलं की डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात, आणि भाजलेल्या जागेवरही लावतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशी कातडी कडक असते, रक्त कमी खेळतं, सगळे केस धरणार नाहीत आणि जे धरतील ते उशिरा धरतील. बाईंनी दिवाळीच्या सुट्टीतली तारीख तिथल्या तिथं ठरवून टाकली. मी विचारलं, इतकी वर्षं का थांबलात? "इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का? मग तुम्ही का नाही सांगितलं?" असं माझ्यावरच आलं.

दुसरं कुणी असतं तर गुपचूप गेलं असतं, गुपचूप आलं असतं. बाईंनी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर, मोकळ्या तासांच्या तक्त्याशेजारी, स्वतःच्या ठसठशीत अक्षरात एक कागद लावला. तो मला अजून जवळपास पाठ आहे. सर्व सहकाऱ्यांना कळविण्यात येते की माझ्या डोक्यावर केस लावण्याची शस्त्रक्रिया होणार आहे. पुढे काय दिसेल ते आधीच सांगत आहे, म्हणजे कोणी दचकणार नाही. पहिल्या आठवड्यात कपाळ सुजेल आणि सूज डोळ्यांवर उतरेल. तेव्हा तुम्ही आपापल्या घरी लाडू खात असाल. दहा-बारा दिवसांत खपल्या पडतील, मागचे टाके निघतील. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस गळतील. ते गळायचेच असतात. मूळ आत राहते. शोकसभा घेऊ नये. त्यानंतर चौथ्या महिन्यापर्यंत काहीही दिसणार नाही. मग पुटकुळ्या येतील, मग लव येईल. केस म्हणावे असे वर्षाने. भाजलेल्या जागी त्याहून उशिरा. शंका असल्यास मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत विचाराव्यात, प्रत्येकाने एकदाच.

मुख्याध्यापकांनी तो कागद दुपारी काढला. बाईंनी दुसरा लावला. त्यांनी तोही काढला आणि बाईंना बोलावून म्हणाले, "बाई, हे शोभतं का? मुलींवर काय परिणाम होईल?" बाई म्हणाल्या, "वाट बघायला शिकतील." तिसरा कागद त्यांनी खळ लावून कपाटाच्या दारावर चिकटवला. तो मग कुणाला खरवडता आला नाही.

आणि भूगोल? भूगोलाच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवून, मिशीत हसत विचारलं, "ह्या वयात? का लग्नाबिग्नाचं काही जमतंय?" हे गृहस्थ स्वतः दर पंधरा दिवसांनी कलप लावायचे आणि तो कॉलरला लागायचा. स्वतःचे पिकलेले केस काळे करायला वय आड आलं नाही, आणि एका बाईनं पोळलेली जागा झाकायची म्हटली तर हिचं वय मोजायला बसले. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. ही माझ्यावरच्या रागाची पहिली जागा.

सुट्टीत मी भोरला त्यांना बघायला गेलो. शस्त्रक्रियेला चार दिवस झाले होते. बाई खुर्चीत बसल्या होत्या, पाठीशी तीन उशा. झोपायचंही तसंच, डोकं वर ठेवून, असं सांगितलं होतं. कपाळ फुगलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिलेल्या, आणि त्या फटींमधून त्या सहामाहीचे पेपर तपासत होत्या. डाव्या बाजूला खपल्यांचे बारीक ठिपके ओळीनं दिसत होते. तोटीखाली डोकं धरायचं नाही, मगनं हळूच पाणी सोडायचं, खाजलं तरी नख लावायचं नाही, उन्हात जायचं नाही, हे सगळं त्यांनी मला असं सांगितलं की जणू मलाच केस लावलेत. मागची बाजू बधिर होती. "हात लावला की दुसऱ्या कुणाच्या डोक्याला लावल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. वहीत रोजची नोंद होती. मी उठताना त्यांनी मला सहा गुण दिले. दोन दिवस आधी आला असतात तर आठ दिले असते, असंही सांगितलं.

शाळा उघडली तेव्हा खपल्या जाऊन त्या जागेवर बारीक खुंट दिसत होते. प्रयोगशाळेचं दार लावून बाईंनी मला आणि मावशींना पदर बाजूला करून दाखवलं. मावशी म्हणजे आमच्या शिपाई. पन्नाशी उलटलेल्या, घर शाळेपासून दीड-दोन मैलांवर, माहेर वेल्ह्याच्या खोऱ्यात. घंटा त्यांची, झाडू त्यांचा, चहा त्यांचा. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी बसायचं नाही असा एक न लिहिलेला नियम होता, पण बाई आल्या त्या वर्षीच त्यांनी आपल्या शेजारी मावशींसाठी खुर्ची ओढली होती आणि मुख्याध्यापकांकडे बघत म्हटलं होतं, "नियम लिहून द्या, मग पाळते." तेव्हापासून मावशींचा बाईंवर जीव. ते खुंट बघून मावशींनी बाईंच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

आठवड्याभरात केस गळायला लागले. पदराला, पुस्तकाच्या पानांवर, टेबलावर. कागदावर लिहिलं होतं तसंच, लिहिलं होतं त्याच आठवड्यात. पण वाचतो कोण? पिनेच्या जवळची रिकामी जागा कुणाला तरी दिसली आणि शिक्षकांच्या खोलीत आनंदाला नुसतं उधाण आलं. "पुण्याच्या डॉक्टरनं गंडवलं," म्हणाले. "निसर्गाच्या पुढं जाऊ नये," म्हणाले. भूगोलाचे सर तर बाईंच्या टेबलाशी येऊन आवाज उतरवून म्हणाले, "फार वाईट वाटलं हो." या वेळी मात्र मी उठलो, कपाटाच्या दारावर मूठ आपटली आणि म्हणालो की इथं लिहिलंय, गळायचेच असतात, वाचता येत नसेल तर पाचवीत बसा. बाईंनी मलाच झापलं. "अहो मराठी, दार मोडेल. आणि तुम्ही कशाला ओरडता? मी ओरडतेय का?"

नव्हत्या ओरडत, हे खरं. पण जानेवारीत एकदा मी मोजपट्टी मागायला प्रयोगशाळेत गेलो तेव्हा त्या खिडकीत उभ्या होत्या. पदर खाली, हातात प्रकाशाच्या धड्यातला अंतर्वक्र आरसा, तो त्या जागेवर धरलेला. मला बघून आरसा खाली घेतला नाही. "यात मोठं दिसतं," म्हणाल्या. "आता काही दिसणार नाही, असं मीच लिहिलंय. तरी रोज बघते. नाही आले तर काय करायचं, ते मात्र लिहिलं नाही मी." मोजपट्टी न घेताच मी परत आलो.

मावशींना मात्र बाईंनी पुन्हा पुन्हा समजावलं होतं. मावशी झाडताना ते गळलेले केस उचलून ठेवायच्या आणि रडायच्या. बाई म्हणायच्या, "अहो, भाताची लावणी केलीत की रोप पिवळं पडतं ना आठ दिवस? मग धरतं. तसं हे." मावशी म्हणायच्या, "पिवळं पडतंय बाई, गळून न्हाई जात. म्या उभा जलम लावणी केलीया, मला नगा सांगू." त्या उत्तराला बाईंनी नऊ गुण दिले. आम्हाला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. केस गळायला लागले त्याच आठवड्यात मावशी माहेरी जाऊन देवीपुढं नवस बोलून आल्या होत्या: बाईंच्या डोईवर केस उगवू दे, त्याचं जावळ तुझ्या पायाशी वाहीन, तोवर पायात वहाण घालणार न्हाई. कुणाला सांगितलं नाही. नवस सांगायचा नसतो. त्या दिवसापासून मावशी त्या खडीच्या, डांबराच्या, उकरलेल्या रस्त्यानं अनवाणी येत होत्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आणि मी, माणसं वाचायला शिकवतो म्हणून मिरवणारा मराठीचा मास्तर, रोज त्यांच्या हातचा चहा घेत होतो आणि त्यांच्या पायांकडे एकदाही बघितलं नाही. ही माझ्यावरच्या रागाची दुसरी आणि खरी जागा.

इकडे मार्चच्या शेवटी बाईंच्या डोक्यावर पुटकुळ्या आल्या. बाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी कंडक्टरला सात मिळाले. मग लव आली, विरळ आणि फिकी. जूनमध्ये ती काळी झाली. केस आधी वेडेवाकडे, राठ आले. काही ठिकाणी आलेच नाहीत, दोन बोटं रुंद एक पट्टी कोरडीच राहिली. पण गणपती येईपर्यंत बाकी जागेवर दोन बोटं उंचीचे केस उभे होते. ते खाली बसावेत म्हणून बाई पाण्याचा हात फिरवायच्या आणि ते परत उभे राहायचे. भाचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं धरलं होतं, भोरलाच. बाईंनी ठरवून टाकलं की या लग्नात पदर खांद्यावर. बाकीचे लांब केस डावीकडे वळवून त्या आखूड केसांवर अंबाडा नि गजरा. अंबाडा घालायचं मावशींनी कबूल केलं होतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. ही गोष्ट सांगताना बाईंनी मला दोनदा विचारलं, "बरं दिसेल ना?" बाईंना मी कधी कुणाला असं विचारताना पाहिलं नव्हतं.

गणपतीनंतर मावशी लंगडायला लागल्या. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवून पाय वर घ्यायला लावला. टाचेला भेग पडून आत गेली होती, कडा काळ्या पडल्या होत्या, वास येत होता. त्याच दुपारी बाई त्यांना रिक्षात घालून नसरापूरला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, मलमपट्टी रोज, आणि आजपासून अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. जखम वर चढली तर पाय कापावा लागेल. बाईंनी येताना चप्पल घेतली, पट्टी बांधलेला पाय मावावा म्हणून एक नंबर मोठी. मावशींनी ती घालायला साफ नकार दिला. तेव्हा मग नवस बाहेर पडला.

बाई किती चिडल्या म्हणून सांगू. प्रयोगशाळेच्या बाहेर नववीचा वर्ग थांबला होता आणि आतून आवाज येत होता. "माझ्या डोक्यासाठी तुमचे पाय? मला विचारलंत का? डोकं कुणाचं आहे?"

"डोकं तुमचं हाय. सबूद माजा हाय," मावशी म्हणाल्या.

"केस डॉक्टरांनी लावलेत."

"लावल्यात त्यांनी. उगवायचं कुनाच्या हातात हुतं?"

बाईंनी मग आपलं शास्त्र काढलं. जावळ म्हणजे जन्मानंतरचे पहिले केस. हे तर माझ्याच डोक्यामागचे, चव्वेचाळीस वर्षं जुने केस आहेत, फक्त जागा बदलली. यांना जावळ कसं म्हणाल? मला वाटलं, झालं, जिंकल्या. मावशी म्हणाल्या, "रोप तरव्यातनंच येतंय बाई. पर पीक कुठलं म्हनत्यात? खाचरातलं. जिथं उगवलं तिथलं पयलं ते पयलंच."

एक बट कापून देते, म्हणाल्या बाई. न्हाई, जावळ कातरून अर्धं देत न्हाईत. खण-नारळ देते. ते वेगळं. लग्न होऊ द्या, मग बघू. "बगा की. म्या कुटं घाई केलीया? म्या आपली चालतीया." आणि मावशी खरोखरच चालत राहिल्या, पट्टी बांधलेल्या पायानं, त्या खडीवरून. बाईंनी त्यांना शाळेत यायला बंदी केली तर घरून पाणी भरायला तशाच जायच्या. घरच्यांनी समजावलं, मी समजावलं. माझं समजावणं म्हणजे मी अंधश्रद्धेवर अर्धा तास बोललो. मावशींनी ऐकून घेतलं आणि मला चहा दिला.

पंधरा दिवस बाईंनी कुणाला गुण दिले नाहीत. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "अहो मराठी, उद्या तुम्हाला सुट्टी आहे ना? वेल्ह्याला जायचंय. जावळाला मामा लागतो. माझे मामा वारले. तुम्ही चला."

मी नाही म्हणालो. जे तोंडात आलं ते बोललो. म्हणालो की पस्तीस वर्षं वाट बघितलीत, वर्षभर या खोलीतल्या माणसांची थोबाडं सहन केलीत, आणि आता लग्न तीन आठवड्यांवर आलेलं असताना हे देवीपुढं भादरून येणार? मग त्या कपाटावरचा कागद आधी खरवडा. बाई शांत होत्या. म्हणाल्या, "सकाळी सातला वडापची जीप निघते. चौकात उभे राहा." आणि मी उभा राहिलो. का राहिलो ते मलाही सांगता येणार नाही.

देऊळ लहान, खाचरांच्या वर, भात निसवून पिवळं व्हायला आलेलं. मावशींना आम्ही शेवटच्या चढावर हाताला धरून नेलं. तिथला वस्तरा चालवणारा म्हातारा बाईंकडे बघून मागं सरला. "बाईमानसाचं डोकं म्या कंदी केलं न्हाई," म्हणाला. बाईंनी पिशवीतून नवं ब्लेड, डेटॉल आणि उकळून आणलेलं पाणी काढलं. "तेवढीच जागा. कातडी कडक आहे, आडवं चालवू नका." मामा म्हणून मी शेजारी मांडी घालून बसलो, हातात नारळ. मांडीवर बसवायचं असतं, असं कुणीतरी म्हणालं. बाईंनी नुसतं बघितलं. वर्षभराचे केस खाली धरलेल्या खणावर पडत होते आणि बाई समोर बघत होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मावशींनी खण देवीच्या पायांशी ठेवला, माथा टेकला आणि वळून तिथंच दगडावर बसल्या. बाईंनी चप्पल काढून त्यांच्या पायांपुढे ठेवली. या वेळी त्यांनी ती घातली.

परतताना वडापमध्ये मी धुमसत होतो. गाडीतल्या दोन बायका आत्तापासूनच एकमेकींना सांगत होत्या की देवीनं म्हणे एका शाळेच्या बाईला केस दिले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत पोचलं. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर मुलांना सांगितलं की विज्ञान किती शिकलं तरी शेवटी माणूस देवाच्या पायाशी येतो, आणि बाईंकडे बघून हात जोडले. भूगोलाचे सर मान डोलावत होते. हेच, हेच मला सहन होत नाही. हे बाईंनी त्यांच्या हातात दिलं. मी प्रयोगशाळेत जाऊन तसं त्यांना तोंडावर म्हणालो.

"मूळ आत आहे," बाई म्हणाल्या. "वर्षभरात परत येतील. मावशींचा पाय कापला असता तर आला असता का परत? मी त्यांना दोन आठवडे शिकवलं. त्यांनी नाही घेतलं. शिकवणं जमलं नाही माझं, त्याची शिक्षा त्यांच्या पायाला का?" मी म्हणालो, पण लोक काय म्हणतायत ते ऐकलंत का? "ऐकलं," म्हणाल्या, आणि फूटपट्टीनं टेबल इतक्या जोरात बडवलं की फूटपट्टी तुटली. मला तेव्हा कळलं की त्या माझ्याहून जास्त चिडल्या होत्या.

लग्नाला मी जाणार नव्हतो, पण गेलो. जखम भरत आली होती म्हणून मावशीही आल्या होत्या, बाईंच्या हाताला धरून. मांडवाच्या तोंडाशी सगळ्यांच्या चपला काढलेल्या, मावशींना मात्र बाईंनी काढू दिली नाही. बाईंनी मोरपंखी साडी नेसली होती. पदर खांद्यावर. केस उजवीकडे ओढून घेतलेले, मावशींनी घातलेला अंबाडा, त्यावर गजरा. आणि डावी बाजू उघडी: भादरलेली, त्यावर नुकते काळे खुंट आलेले, मधे ती कोरडी पट्टी आणि कानापर्यंत आलेली पेजेची खूण, सगळं ट्यूबलाइटच्या उजेडात. मी बघत राहिलो. केस असते तर ही बाजू झाकूनच आल्या असत्या.

बायकांच्या घोळक्यातून नवऱ्या मुलाकडच्या एक आजी पुढे आल्या. आवाज मोठा होता, आसपासचे दहा-बारा जण वळले. "अगं बाई, हे काय हो? डोक्याला काय झालं तुमच्या?"

मावशी पुढे होऊन काहीतरी बोलणार होत्या. बाईंनी त्यांचा हात दाबला.

"जावळ काढलं," बाई म्हणाल्या.

"कुणाचं?"

"माझं. जरा उशिरा निघालं."